सरांची पत्रं उघडली

प्रिय मित्रा,

तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. आपल्या शाळेच्या सरांच्या पत्रांच्या जुन्या फायली लिनक्सवर, विंडोजऐवजी टाकलेल्या सिस्टीमवर, उघडल्या! तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अकराला माझा प्रोसेसर चालत नाही, मशीन मात्र ठणठणीत. मग लिनक्सचं मिंट टाकलं, आता रोजचं काम त्यावरच. तू लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकाराचा, डेबियनचाच हट्ट धरणार. त्या भांडणात आठवडाभर अबोला धरला होतास, वहिनींना विचार.

विंडोजचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो भाग, मात्र पुसवत नाही. सरांचं सगळं त्यात आहे. मेल सुटले: आउटलुकची पीएसटी फाइल, म्हणजे मेलचा साठा, रीडपीएसटी नावाच्या प्रोग्रामने फोडली, थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये घेतली. अडलं ते सोबतच्या वर्ड फायलींपाशी. वर्डऐवजीच्या लिब्रेऑफिसमध्ये पानभर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. फाइल धडधाकट होती, पण फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांच्या, आधीचा. रोमन अक्षरांच्या जागी मराठी वळणं बसवलेली, म्हणजे फॉन्ट नाही तर मराठीही नाही. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून तो उचलला, इकडे टाकला, सिस्टीमला तो कळावा म्हणून एफसी-कॅश चालवलं. पुन्हा उघडली तर पहिलीच ओळ, ‘चिरंजीव दोघांस’. पुढचं वाचायला बराच वेळ लागला रे.

पण सरांचं लिहिणं एका फॉन्टवर टांगून ठेवायचं? युनिकोड करायला घेतलं, तर कन्व्हर्टर रफार भलतीकडेच ठेवतो. ‘कर्तव्य’चं ‘कतर्व्य’ झालंय. पहिली वेलांटीही चुकीच्या अक्षराला चिकटते, कारण जुन्या फॉन्टात ती अक्षराआधीच टाइप व्हायची. सरांनी पाहिलं असतं तर कन्व्हर्टरलाही शंभरदा लिहायला लावलं असतं!

तू म्हणशील, बॅकअपला टाइमशिफ्ट आहे ना. अरे, तो सिस्टीम परत आणतो. होम फोल्डरमधल्या आपल्या फायली आपण सांगितल्याशिवाय घेतच नाही. म्हणून मूळ फायली, पीएसटी आणि फॉन्ट दोन वेगळ्या डिस्कवर ठेवलेत. तरी धीर होत नाही. एखादी फाइल कुठल्या कोपऱ्यात राहिली असली तर?

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटीचा निकाल कळव.

अर्ध्या फायली तुला पाठवतोय, मूळ आणि युनिकोड दोन्ही, फॉन्टसकट. शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपास. वाक्यं सुधारायला जाऊ नकोस, फक्त अक्षरं. तुझा होकार येईपर्यंत पार्टिशनला हात लावत नाही.

तुझाच,
मी