सोळा सोमवारांच्या संकल्पाविषयी आई-बाबांना

सांगली,
आषाढ पौर्णिमा, 29 जुलै 2026

तीर्थरूप आई आणि तीर्थरूप बाबा यांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार.

आज गुरुपौर्णिमेला तुमच्या पाया पडायला वाईला यायचे मनात होते, पण शाळेतून रजा मिळाली नाही, म्हणून नमस्कार पत्रातूनच पाठवीत आहे. त्याबरोबर आईच्या सोळा सोमवारांच्या संकल्पाविषयी मला जे सांगायचे आहे तेही लिहिते, कारण फोनवर आई ‘बघू गं’ म्हणते आणि बोलणे तिथेच थांबते. बाबांनी हे पत्र आईला सावकाश वाचून दाखवावे आणि माझे म्हणणे शास्त्राला सोडून आहे असे जिथे वाटेल तिथे मला निःसंकोच सांगावे.

आईने हे व्रत करू नये असे मी म्हणणार नाही. बाबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया चालू असताना मिरजेच्या रुग्णालयात आईने ‘हे आपल्या पायांनी घरी आले की सोळा सोमवार करीन’ असे महादेवाला बोलून ठेवले, तेव्हा मी तिच्याशेजारी बसले होते. बाबा आपल्या पायांनी घरी आले. बोललेला नवस फेडलाच पाहिजे, आणि तो न फेडता आईच्या जिवाला स्वस्थता लाभणार नाही, हे मला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. माझे म्हणणे केवळ उपवासाच्या रीतीपुरते आहे. पहाटेपासून प्रदोषकाळच्या पूजेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, ही आजींची रीत होती आणि आईने ती तिच्या तरुणपणी निष्ठेने पाळली. आता मात्र आईला मधुमेह आहे, रोजची गोळी आहे आणि सत्तरी उलटली आहे.

आषाढी एकादशीला दुपारी आईला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले आणि ती बोलता बोलता मध्येच गप्प झाली, असे बाबांनी सांगितले. बाबांनी वेळीच साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले. मी आईचे कागद आणि गोळीचे नाव येथील डॉक्टरांना दाखवले. त्यांनी जे समजावले ते असे की, ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, त्यामुळे उपाशीपोटी ती घेतली की रक्तातली साखर घसरत जाते. ती 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड अशी लक्षणे दिसतात, आणि उतारवयात कधी कधी ही लक्षणे न दाखवताच माणसाला भ्रम होतो किंवा तोल जातो. उलट सोमवारी गोळीच टाळली आणि दिवसभराच्या रिकाम्या पोटी संध्याकाळी गूळ-तुपाचा चूर्मा पोटभर खाल्ला, तर साखर एकदम वर चढते. दिवसा खाली आणि रात्री वर, असे ओळीने सोळा आठवडे होऊ देणे धोक्याचे आहे. गोळी कमी करायची, तिची वेळ बदलायची की तशीच ठेवायची, हे डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. आईने आपल्या मनाने ती बंद करू नये.

आता व्रताकडे वळते. बाबा, विदुराच्या उपदेशातला श्लोक तुम्हीच आम्हा भावंडांकडून पाठ करून घेतला होता. पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविष्यान्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, असे तो सांगतो. महाभारताच्या उद्योगपर्वाइतक्या जुन्या ठिकाणी पाणी आणि औषध यांना स्पष्ट मोकळीक आहे, तर आईची गोळी, तिच्याबरोबरचे दूध आणि प्रसंगी द्यावे लागणारे साखरेचे पाणी यांनी तिचा सोमवार कसा मोडेल? शिवाय सोळा सोमवारांची कहाणी तरी काय सांगते ते पाहावे. सारा दिवस उपवास करावा, संध्याकाळी अंघोळ करून शंकराची पूजा करावी, अर्धा शेर कणकेत तूप-गूळ घालून ते खावे आणि त्या दिवशी मीठ खाऊ नये. पाणी पिऊ नये असे त्यात कुठेही आलेले नाही. निर्जळीचा नेम आजींच्या निष्ठेचा होता आणि मला त्याविषयी नितांत आदर आहे, पण तो व्रताचा विधी नव्हे.

दादाने दुसरा मार्ग सुचवला आहे. आईने उपवासच करू नये. सोळा सोमवार वाईच्या काशीविश्वेश्वराला अभिषेकाचे पैसे भरावेत आणि शेवटी देवळाला देणगी द्यावी, असे त्याचे मत आहे. त्यामागची त्याची काळजी मला कळते, पण हा मार्ग मला मान्य नाही, आणि त्याचे कारण कहाणीतच आहे. हे व्रत करणाऱ्या राजाने सतराव्या सोमवारी पाच शेर कणकेचा चूर्मा देवळात मागवला, तेव्हा लोक हसतील म्हणून राणीने तबकात 500 रुपये भरून पाठवले. तिथे व्रतभंग झाला. देवाला पैसा कमी पडला म्हणून तो कोपला नाही. कणीक मळण्याची, तूप-गूळ घालून चूर्मा करण्याची आणि तो स्वतः देवळात नेण्याची मेहनत राणीने टाळली, म्हणून सारे बिघडले. पुढे तिला दारोदार भटकावे लागले आणि अखेर तेच सोळा सोमवार आपल्या हातांनी करावे लागले. आमच्या लहानपणी आई ही कहाणी सांगे, तेव्हा या जागी तिचा आवाज बदलत असे. तेव्हा पूजा, चूर्मा, कहाणी आणि अळणी नेम या चार गोष्टी आईच्याच हातून व्हाव्यात. सवलत घ्यायचीच तर ती फक्त उपाशी राहण्यात घ्यावी, कारण शास्त्राने सवलत तिथेच ठेवली आहे.

त्यापुढची माझी विनंती अशी आहे की, निराहार राहण्याचा भाग मी करावा. बाबा लगेच म्हणतील की काम्य, म्हणजे मनात इच्छा धरून केलेल्या, व्रताला प्रतिनिधी चालत नाही. ते वचन मला ठाऊक आहे, पण त्याचाच उत्तरार्ध असा आहे की, व्रताला एकदा आरंभ झाला की पुढे प्रतिनिधी चालतो असे काहींचे मत आहे. म्हणून पहिल्या सोमवारी आईने स्वतः संकल्प सोडावा, पूजा करावी आणि त्या दिवशी दूध-फळांवर राहावे. मी त्याच दिवशी हरिपूरला संगमेश्वराचे दर्शन घेऊन दिवसभर उपवास करीन आणि पुढचे सगळे सोमवार तसेच चालू ठेवीन. तुमच्या घाटावरून वाहत आलेली कृष्णाच इथे हरिपूरला वारणेला भेटते, त्यामुळे मी आईपासून फार लांब आहे असे तिने मानू नये. शिवाय कहाणीतही हे व्रत एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले आहे. गुरवाने पार्वतीला सांगितले, पार्वतीने कार्तिकस्वामीला, त्याने आपल्या ब्राह्मण मित्राला. आईकडून ते माझ्याकडे येण्यात वावगे काहीच नाही.

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे श्रावण उशिरा, 13 ऑगस्टला लागतो आहे. पहिला सोमवार 17 ऑगस्टचा, त्याच दिवशी नागपंचमी आहे. तिथून सोळावा सोमवार 30 नोव्हेंबरला येतो आणि उद्यापनाचा सतरावा 7 डिसेंबरला. म्हणजे गणपती, पितृपक्ष, नवरात्र आणि दिवाळी हे सगळे या व्रताच्या पोटात येतात. मी पंचांग पुढे घेऊन पाहिले, तेव्हा तीन ठिकाणी मला विशेष काळजी वाटली.

गणेशचतुर्थी 14 सप्टेंबरला सोमवारीच आहे. त्या दिवशी नैवेद्याचा पूर्ण स्वयंपाक होणार आणि आई चुलीपासून हलणार नाही. उकडीत चिमूटभर मीठ पडते, तेव्हा आईच्या वाटणीच्या एक-दोन मोदकांची उकड वहिनीने आधी वेगळी, बिनमिठाची काढावी. स्वयंपाक वहिनीने करावा आणि आईने पाटावर बसून मोदकांना कळ्या पाडाव्यात. तिच्यासारख्या कळ्या आमच्यापैकी कुणालाच जमत नाहीत. दुसरी जागा नवरात्राची. घटस्थापना रविवारी 11 ऑक्टोबरला आहे आणि लगेच दुसऱ्या दिवशी सोमवार. आई दर वर्षी नऊ दिवस उपवास करते. यंदा ते नऊ दिवस वहिनीने घ्यावेत. उठता-बसता, म्हणजे घट बसताना आणि उठताना, उपवास करीन असे आई म्हणेल, पण तसे केले तरी रविवार आणि सोमवार हे दोन दिवस सलग उपवासाचे येतात आणि डॉक्टरांचा नेमका त्यालाच विरोध आहे. अखंड दिव्याची राखण आणि रोजची माळ आईकडेच राहू द्यावी. तिसरी जागा लक्ष्मीपूजनानंतरच्या सोमवारची, 9 नोव्हेंबरची. घर फराळाने भरलेले असते आणि पाहुण्यांबरोबर चकली तोंडात टाकली जाते. तेवढे वहिनीने लक्षात ठेवावे.

एरवीच्या सोमवारांसाठी डॉक्टरांशी बोलून मी जे ठरवले ते असे. सकाळी गोळीच्या वेळी कपभर दूध आणि राजगिऱ्याची लाही घ्यावी. अकराच्या सुमारास पेरू किंवा पपईच्या फोडी आणि मूठभर भाजलेले, बिनमिठाचे शेंगदाणे खावेत. दुपारी दुधाबरोबर थोडे वरीचे तांदूळ चालतील. साबुदाण्याची खिचडी नको. तिच्यात मीठही असते आणि निव्वळ पिष्टही. पाणी दिवसभर तहान लागेल तसे प्यावे. अकरा वाजता आणि चार वाजता बाबांनी मशीनवर साखर पाहून वहीत लिहावी. ती 70 च्या खाली दिसली, किंवा मशीन काही दाखवो पण घाम आणि थरथर जाणवली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. त्या वेळी आई ‘पूजा होऊ दे’ म्हणाली, तरी बाबांनी तिचे ऐकू नये. मी एवढ्या आग्रहाने कधी लिहीत नाही, पण या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले आहे.

चूर्म्याचे प्रमाण आईने विचारले होते. 80 तोळ्यांचा शेर 933 ग्रॅमचा, तेव्हा अर्धा शेर म्हणजे साधारण 465 ग्रॅम कणीक झाली. एवढा चूर्मा एकट्या आईने खाण्याचा प्रश्नच नाही. नैवेद्य दाखवून झाला की आईने प्रसादापुरता चमचाभर घ्यावा आणि बाकीचा घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि गाईने खावा. त्यानंतर आईने अळणी भाजी-भाकरी खाऊन वेळेवर झोपावे.

श्रावण-भाद्रपदात संध्याकाळी घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि धोम धरणातून पाणी सोडले की नदी पाहता पाहता वर येते. त्या दोन महिन्यांत पूजा घरातल्या बाणलिंगाचीच व्हावी. अश्विनापासून दादाने आईला हाताला धरून काशीविश्वेश्वराला न्यावे. बेल मात्र घरामागच्या झाडाचाच असू द्यावा. आईला बाजारातला बेल आवडत नाही, हे मला माहीत आहे.

बाबा, तुमच्याविषयीही दोन शब्द लिहिते. आई उपाशी असताना आपण जेवायचे कसे, असे म्हणून तुम्ही आषाढीलाही दुपारचे जेवण टाळलेत, असे वहिनीने सांगितले. तुमच्या औषधांना अन्नाचा आधार लागतो, आणि ज्यांच्या प्रकृतीसाठी हे व्रत आहे त्यांनीच प्रकृतीची हेळसांड केली, तर आईच्या नवसाला काय अर्थ राहील? तुम्ही सोमवारी वेळेवर जेवावे. आईला सोबत द्यायची असेल, तर संध्याकाळी तिच्याशेजारी बसून कहाणी तुम्ही वाचावी. आईचे डोळे हल्ली संध्याकाळी बारीक अक्षराला शिणतात, आणि तुमच्या स्पष्ट उच्चारात कहाणी ऐकायला तिला फार आवडेल.

उद्यापनाला आम्ही सगळे 5 डिसेंबरच्या शनिवारीच येतो. पाच शेर म्हणजे सुमारे साडेचार-पावणेपाच किलो कणीक लागेल. ती सासूबाई इथे घरच्या जात्यावर दळून देणार आहेत, गूळही इथूनच आणते. मळायला आईने सुरुवात करावी आणि पुढचे आम्ही लेकी-सुनांनी पाहावे. चूर्म्याचा एक भाग देवाला, दुसरा देवळात वाटायला आणि गाईला, आणि तिसरा घरी, असे कहाणीप्रमाणेच करू. त्या दिवशी आई देवळात बाबांच्या बरोबरीने चालत जावी, एवढी एकच इच्छा माझ्या मनात आहे.

बाबांनी संकल्पाचे शब्द प्रतिनिधीच्या उल्लेखासह एका कागदावर लिहून पाठवावेत, म्हणजे मला हरिपूरला तेच म्हणता येतील. आईने होय किंवा नाही हे स्वतःच्या अक्षरात, दोन ओळींत का होईना, 10 ऑगस्टच्या आत कळवावे, कारण सोमवारच्या संध्याकाळचे शाळेचे काम मला त्याआधी दुसऱ्यावर सोपवायचे आहे. वहिनीला वेगळे लिहिलेले नाही, तिला हेच पत्र दाखवावे. दादाला नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुमची लेक