नाकारलेल्या वॉरंटीचे कारण लेखी द्या

नव्या गाड्यांच्या वाढीव वॉरंटीचे कौतुक करणारा आपल्या दैनिकातील लेख वाचला. आमच्या भागातल्या ग्राहकाला ते कौतुक पटणे कठीण आहे. आमच्या पिकअपचा गिअरबॉक्स वॉरंटीच्या मुदतीतच खरखरू लागला, दुसरा गिअर पडेना. टोचन करून गाडी जिल्ह्याला नेली, तो खर्च अर्थात आमचाच. सर्व्हिस सेंटरचे उत्तर तयार होते: क्लचप्लेट झिजणारा भाग, म्हणून वॉरंटीबाहेर, गिअरबॉक्स ओव्हरलोडमुळे गेला, म्हणून तोही बाहेर. पांदण रस्त्याच्या चिखलातून कापूस जिनिंगपर्यंत न्यायचा नसेल, तर पिकअप घ्यायची कशाला? ओव्हरलोडचा पुरावा मागितला, तेव्हा जळक्या क्लचप्लेटचा फोटो दाखवला. लेखी काहीच नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार राहत्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली गाडीही त्यात बसते. पण हातात कागदच नसेल, तर आयोगापुढे मांडायचे काय? दावा नाकारताना कारण व तपासणी अहवाल लेखी देणे सरकारने कंपन्यांना बंधनकारक करावे.

– एक वाचक, घाटंजी (जि. यवतमाळ)