निसटलेला चेंडू आणि बारा सामन्यांचा हंगाम

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या क्रीडा पानावर अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलविषयी एक छोटी बातमी होती आणि तिच्यात एका संघाचा संपूर्ण हंगाम ‘एका खेळाडूच्या चुकीमुळे वाया गेला’ असे म्हटले होते. मी नाशिकमधील एका शाळेत तीस वर्षे कबड्डी आणि खो-खो शिकवून निवृत्त झालो आहे. पुतण्या ओहायो राज्यातील कोलंबस येथे शिकायला गेल्यापासून शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागून हा खेळ पाहण्याची मला सवय लागली आहे. बातमीतील ते वाक्य मला पटले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तिकडच्या फुटबॉलमध्ये दोन्ही टोकांना निमुळता असलेला चेंडू हातात धरून किंवा फेकून शंभर यार्डांच्या मैदानावर पुढे न्यायचा असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड सर केले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, आणि ते जमणार नाही असे दिसले तर चौथ्या प्रयत्नात चेंडू लाथेने चाळीसेक यार्ड दूर धाडून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलता येते. मात्र पळताना चेंडू हातून सुटला, ज्याला फंबल म्हणतात, आणि तो समोरच्यांनी उचलला, किंवा फेकलेला चेंडू त्यांनी मध्येच झेलला, ज्याला इंटरसेप्शन म्हणतात, तर ही सोयही उरत नाही. कबड्डीत चढाईपटूची पकड झाली की प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतो, आपला गडी बाहेर जातो आणि त्यांचा बाहेर बसलेला गडी आत येतो. टर्नओव्हरचे, म्हणजे चेंडू असा प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाण्याचे, नुकसान असेच एकापेक्षा अधिक बाजूंनी होते. स्वतःच्या गोलरेषेजवळ चेंडू गमावणे आणि समोरच्यांच्या गोलरेषेजवळ गमावणे यांत मोठा फरक असतो, पण हंगामाच्या तक्त्यात दोन्हींची नोंद एकसारखीच होते.

हंगाम लांब असता तर अशी हानी भरून निघाली असती. आयपीएलमध्ये दहा संघ असतात आणि साखळी फेरीत प्रत्येकाला चौदा सामने मिळतात. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात एकशे तीसहून अधिक संघ आहेत आणि नियमित हंगाम बारा सामन्यांचा आहे. २०१४ पासून २०२३ पर्यंत त्यांतील केवळ चार संघ राष्ट्रीय बाद फेरीत जात असत. २०२४ च्या हंगामापासून बारा जातात. अशा रचनेत एक पराभव म्हणजे वर्षभराच्या मेहनतीवर पडलेला मोठा घाव असतो.

१७ ऑक्टोबर २०१५ च्या सामन्याचे चित्रण मी कित्येकदा पाहिले आहे. मिशिगन आणि मिशिगन स्टेट या एकाच राज्यातील दोन विद्यापीठांच्या त्या लढतीत शेवटची दहा सेकंदे उरली असताना मिशिगन २३-२१ असा आघाडीवर होता आणि चेंडू लाथेने दूर धाडणे एवढेच काम शिल्लक होते. मागे दिलेला चेंडू खाली आला, किक मारणाऱ्या खेळाडूच्या हातांत तो नीट बसला नाही आणि झटापटीत उडून मिशिगन स्टेटच्या जेलन वॉट्स-जॅक्सन याच्या हाती पडला. तो ३८ यार्ड धावत गोलरेषेपार गेला तेव्हा वेळ संपली होती आणि गुणफलकावर २७-२३ असे आकडे होते. मिशिगन स्टेटने पुढे आपल्या गटाचे विजेतेपद मिळवून त्या वर्षीच्या चार संघांत स्थान पटकावले. नंतरचे सर्व निकाल तसेच धरले आणि केवळ तो एक चेंडू वेळेवर मारला गेला असता असे मानले, तर मिशिगन स्टेटचे गटातील पराभव दोन झाले असते आणि मिशिगनला हरवणारा ओहायो स्टेट या तिघांच्या उपगटात अव्वल ठरला असता. ज्या संघाचा एकही खेळाडू त्या मैदानावर नव्हता, त्याच्या वर्षाचा निकालही त्या क्षणी बदलला.

चेंडू हातून सुटलेल्या त्या मुलाला समाजमाध्यमांवर इतकी शिवीगाळ झाली की विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांना तिच्या निषेधाचे जाहीर पत्र काढावे लागले. त्याच सामन्यात त्याच मुलाने ८० यार्डांची किक मारली होती, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात राहिली. मला याचे आजही वाईट वाटते.

याचा अर्थ टर्नओव्हर हा निव्वळ नशिबाचा भाग आहे असा नाही. जानेवारी १९८७ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद ठरवणाऱ्या ‘फिएस्टा बोल’ नावाच्या सामन्यात मायामी संघाने ४४५ यार्डांची चाल केली आणि पेन स्टेटने केवळ १६२ यार्डांची, तरीही पेन स्टेट १४-१० असा जिंकला, कारण मायामीने चेंडू सात वेळा गमावला होता. त्यांपैकी पाच इंटरसेप्शन होती, आणि ती फेकणारा व्हिनी टेस्टावर्डी हा त्या वर्षीच्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा हाइझमन पुरस्कार मिळवलेला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा मुख्य खेळाडू, होता. पेन स्टेटने त्याच्यावर धावून जाणारे खेळाडू कमी ठेवले, मागे पहारा वाढवला आणि चेंडू झेलणाऱ्यांना प्रत्येक वेळी जोरदार धडका देऊन बिचकवले. हे यश त्यांनी आखून आणि राबून मिळवले होते.

फंबलचे मात्र दोन भाग पाडावे लागतात. चेंडू सुटणे हे पुष्कळसे सवयीवर अवलंबून असते. टोकावर बोटे, खाली तळवा, मग मनगटापासून कोपरापर्यंतचा हात, दंड आणि बरगडी, असा चहूबाजूंनी आवळलेला चेंडू सहसा सुटत नाही, आणि ही पकड सरावात रोज घोटून घेता येते. सुटलेला चेंडू मात्र कोणाला सापडेल हे त्याच्या वेड्यावाकड्या उसळीवर ठरते. पुष्कळ वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या तर दोन्ही बाजूंचा वाटा साधारण निम्मा-निम्मा निघतो. बारा सामन्यांत तो तसा विभागला जाईलच असे नाही, म्हणून एखादा संघ वर्षभर ‘चपळ’ आणि दुसरा ‘धांदरट’ ठरतो आणि त्यावरून प्रशिक्षकाची नोकरी जाते किंवा टिकते.

आणखी एक गोष्ट बातम्यांतून सुटते. कबड्डीत सलग दोन चढायांत गुण मिळाला नाही की तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, आणि म्हणून चढाईपटू एरवी गेला नसता इतका खोल शिरतो व पकडला जातो. पंधरा-वीस गुणांनी मागे पडलेला क्वार्टरबॅकही असाच गर्दीत चेंडू फेकतो. तेथे इंटरसेप्शन पराभवाचे कारण नसते, आधीच ओढवलेल्या पराभवातून ते आलेले असते. म्हणूनच ‘चेंडू गमावला म्हणून हरले’ असे लिहिण्यापूर्वी तो कोणत्या मिनिटाला गमावला हे पाहणे आवश्यक आहे.

यापुढे या खेळाचा निकाल देताना प्रत्येक संघाने चेंडू किती वेळा गमावला, किती वेळा मिळवला, मैदानाच्या कोणत्या भागात आणि गुणफलक काय असताना, एवढी माहिती आपण सोबत छापावी. आणि ज्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाच्या हातून चेंडू निसटला असेल त्याचे छायाचित्र मथळ्याखाली लावू नये, अशी माझी आपणास आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
कॉलेज रोड, नाशिक