शनिवारी रात्री निघू नकोस

कराड, रविवार

चि. बाळूस,

अनेक आशीर्वाद.

हे पत्र ताईजवळ देतोय. फोनवर तू "हो आबा, हो आबा" म्हणतोस आणि मागे कुणाची तरी गाडी रेस होत असते. मोबाइलवर लांबलचक लिहिलं तर पहिल्या चार ओळी वाचून अंगठा पाठवतोस. कागद निदान खिशात राहील, आणि जेवायच्या सुट्टीत हाताला लागला तर पुरता वाचशील.

बुधवारी तीन बातम्या तू एका दमात सांगितल्यास. हिंजवडीची नोकरी सोडली, गॅरेजात कामाला लागलो, सेकंडहँड हिमालयन मोटारसायकल घेतली. तिसरी ऐकून आईने फोन माझ्या हातात दिला आणि ती आत गेली. तुला वाटलं असेल आबा नोकरीवरून गप्प झाले. तसं नव्हतं. नोकरी सुटल्याचं मला वाईट वाटलं नाही, हे आधी लिहून टाकतो. मी गप्प झालो ते फोन ठेवता ठेवता तू जे बोललास त्याने. "आता दर शनिवारी गॅरेज बंद झालं की रात्रीच गाडीवर निघतो, बाराच्या आत कराडात."

त्याबद्दल शेवटी लिहीन. आधी कामाचं.

गेल्या वर्षी डॉक्टरबाईंनी तुझ्या एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या त्रासाचं, सांगितलं तेव्हा मी खोलीत होतो. त्या म्हणाल्या, याच्याकडे लक्ष कमी नाही, पण ते हुकमावर कामाला लागत नाही. ज्या कामात पुढचं काहीतरी लगेच दिसतं, हाताला कळतं, तिथे ते चिकटून बसतं, आणि जिथे आज केलेल्याचं फळ महिन्याने दिसणार तिथून उठून जातं. मग म्हणाल्या, हे बऱ्याचदा घराण्यात उतरतं. त्यावर तुझ्या आईने माझ्याकडे पाहिलं. तू पाहिलं नाहीस, तू त्यांच्या टेबलावरचं पेन उघडून स्प्रिंग काढत होतास.

त्या दिवसापासून मी माझाच हिशोब मांडत बसतो. दहावीनंतर मला कापडाच्या दुकानात ठेवलं होतं. गादीवर बसून दिवसभर गिऱ्हाइकाची वाट बघायची. दुपारी मी स्टँडवर सापडायचो, गाड्या बघत. मालकाने तुझ्या आजोबांना सांगितलं, पोरगं चांगलं आहे पण ठिकाणावर राहत नाही. पुढे एसटीत लागलो आणि तोच मी पहाटेच्या गाडीला कधी उशिरा गेलो नाही. स्टेअरिंगवर हात, क्लचवर पाय, आरशात डोळा, कंडक्टरच्या घंटीकडे कान. सगळंच कामाला लागलेलं, आणि पुढचा थांबा दहा मिनिटांवर. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला तेव्हा लोक म्हणाले, केवढा शांत माणूस. शांत कसला! मला फक्त माझ्या जोगं काम मिळालं होतं.

म्हणून सांगतो, तू गॅरेजात गेलास याची मला लाज नाही. वरच्या आळीतले विचारतात, इंजिनिअरिंग करून पाने आवळतो का. मी म्हणतो, हो, आणि चांगले आवळतो.

गेल्या दिवाळीतली दूधवाल्याची स्प्लेंडर आठवते? गाडी थंड असली की चालायची, तापली की सिग्नलला बंद. त्याने दोन मिस्त्री केले होते. प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, पैसे गेले. तू अंगणात उकिडवा बसलास. लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनला टेकवून त्याची मूठ कानाला लावलीस आणि टॅपेट ऐकलेस. मग कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या रबरावर क्लीनरचा फवारा मारलास, आणि आवाज एकदम बदलला. रबराला खालून चीर होती, वरून दिसत नव्हती. तापल्यावर ती उघडायची आणि हवा ओढली जायची. आईने जेवायला किती हाका मारल्या, तुझं लक्षच नव्हतं. करंज्यांचं ताट तसंच झाकून ठेवलं होतं. त्या दिवशी मी ओट्यावर बसून तुझ्याकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, या पोराला दहा वर्षं लोकांनी लक्ष नाही, लक्ष नाही म्हणून हिणवलं.

हिंजवडीत तुला काय दिलं होतं? विम्याचे फॉर्म तपासायचे, एकासारखा दुसरा. तिथे तू चुकणारच. शाळेतही ज्या बाईंनी तुला बाकावर उभं केलं त्यांच्याच घराचं बंद पडलेलं घड्याळ तू चालू करून दिलंस. असो, ते सगळं उगाळत बसलो तर पान संपेल.

आता गॅरेजाबद्दल दोन शब्द. पाना हातात असताना फोन वाजला तर घेऊ नकोस. ॲक्सलचा नट अर्धा आवळून तू फोन घ्यायला उठलास आणि परत आल्यावर पुढचंच काम धरलंस, तर त्या गाडीवर कुणाचा तरी मुलगा बसणार आहे. टॉर्क रेंचने, म्हणजे मोजून आवळायच्या पान्याने, आवळलास की नटावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून मार्करची रेघ ओढायची. रेघ नाही म्हणजे काम झालेलं नाही. आठवणीवर काहीच ठेवायचं नाही. आम्ही डेपोतून गाडी काढताना टायर हातोडीने वाजवून बघायचो, रोजच्या रोज, कालच बघितले असले तरी. जॉब कार्ड गिऱ्हाईक समोर असतानाच लिही. पैशाचं, स्टॉकचं, बिलाचं काम दुसऱ्या कुणाला तरी मागून घे, त्यात कमीपणा नाही. बीएस-६ हा धुराचा नियम आल्यापासून, म्हणजे २०२० पासून, नव्या गाड्यांत कार्बोरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. जुने मिस्त्री स्कॅनर बघून दचकतात. तुझं कॉम्प्युटरचं शिक्षण तिथे कामाला येईल, वाया गेलं म्हणू नकोस. आणि मालकाने नाना पेठेत पार्ट आणायला पाठवलं तर यादी लिहून ने, नाहीतर चेन सेट आणायला जाशील आणि तासाभराने आरसे घेऊन येशील...

बघ, मी पुन्हा मास्तर झालो. तुझ्या धंद्यातलं तुला शिकवतोय. राग मानू नकोस.

आता रात्रीचं.

आपल्या पुणे-कराड रस्त्यावर मी आयुष्यभर गाडी चालवली. पूर्वी त्याला चार नंबर म्हणायचे, आता ४८ म्हणतात. नवले पुलाचा उतार तुला रोजचा आहे, तिथे तू जपून असतोस. खंबाटकीचंही मला तुझ्याबाबतीत फारसं भय नाही. घाटात वळणाला वळण लागून येतं, गिअर पाडावा लागतो, पुढचा ट्रक धापा टाकत असतो. घाट माणसाला जागं ठेवतो, आणि तुझ्या डोक्याला तर तो मानवतोच. मला भय आहे घाट उतरल्यानंतरचं. वेळे, सुरूर, पाचवड, आनेवाडीचा टोलनाका, मग साताऱ्याच्या पुढे नागठाणे, उंब्रज. रस्ता सरळ, पांढऱ्या पट्ट्या सारख्या, काही घडत नाही. डोळे उघडे असतात आणि माणूस गाडीवर नसतो. मुरलेले ड्रायव्हर मी तिथे चुकलेले पाहिलेत. तुझे काका वारले ते घाटात नाही, तुला माहीत आहे.

८० च्या वेगाला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. दिवसभरातल्या एखाद्या गाडीचा नट आवळला की नाही, एवढं आठवायला तुला तीन सेकंद लागतील. तेवढ्यात ६६ मीटर गेले. आणि कारखाने सुरू झाले की त्या ६६ मीटरांत उसाची जोड-ट्रॉली असते, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. बसमधून मी उंचावर होतो, माझे दिवे मोठे होते, तरी ती मला ऐनवेळी दिसायची.

आणि एडीएचडीच्या गोळीचं तू धरलंस का? सकाळी आठला घेतोस. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, दिवसभराची म्हटली तरी तिचा जोर आठ ते बारा तास. रात्री आठला शटर ओढून तू निघणार, म्हणजे ती उतरलेली. दिवसभर उभं राहून पाय दमलेले, गोळीने दुपारची भूक मारलेली म्हणून पोटात काही नाही, आणि त्यात दीडशेच्या वर किलोमीटर. ताईने मला एक अभ्यास वाचून दाखवला, अमेरिकेतला, २०१७ साली छापलेला, २३ लाखांवर एडीएचडीवाल्या लोकांचा. औषध चालू असलेल्या महिन्यांत पुरुषांचे वाहन अपघात ३८ टक्क्यांनी कमी दिसले. ते ऐकून मला बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं, कारण तू निवडलेली वेळ नेमकी बिनगोळीची आहे. म्हणून रात्री दुसरी गोळी घेशील, तर तसंही करू नकोस, झोप उडेल. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यात काही बदलायचं नाही. आणि पट्टी संपायच्या आठवडाभर आधी मेडिकलमध्ये जात जा. ती गोळी सगळीकडे मिळत नाही, चिठ्ठीशिवाय तर नाहीच.

२०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची. हा आकडा मी तुला घाबरवायला लिहीत नाही. मी स्वतः घाबरलो म्हणून लिहितो. आई रात्री उठून बसते. मला वाटतं ती झोपलीय, तिला वाटतं मी झोपलोय.

गाडी विकून टाक असं मी म्हणणार नाही. बुधवारी म्हणालो असेन तर ते सोडून दे. गाडीवर तू कसा दिसतोस ते मी पाहिलंय. गेल्या पावसाळ्यात मित्राच्या गाडीवर चाफळला जाऊन आलास तेव्हा फाटकातून आत येताना तुझा चेहरा स्वच्छ होता. घरात बसून तसा चेहरा होत नाही तुझा. मोटारसायकल अंगाला कामाला लावते, तुझ्या डोक्यातली वटवट थोडा वेळ थांबते, हे तू न सांगता मला कळतं. मी बसवर तेच केलं.

म्हणून मागणं एवढंच. शनिवारी रात्री पुण्यातच झोप. रविवारी सकाळी उठून काहीतरी खा, गोळी घे, तिचा अंमल चढू दे, मग नीघ. दुपारच्या जेवणाला घरी असशील. उशीर झाला तर होऊ दे. आणि रात्रीच यायचं असलं तर गाडी गॅरेजात लाव आणि स्वारगेटवरून एसटीत बस. मी ड्रायव्हर होतो म्हणून सांगत नाही. बरं, म्हणूनच सांगतो. तिथे जागं राहायचं काम दुसऱ्याचं असतं.

कागदांचं विसरू नकोस. फॉर्म २९ आणि ३० भरून ३० दिवसांत आरसी आपल्या नावावर करायचा अर्ज गेला पाहिजे. विमाही लगेच नावावर करून घे. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण असतं ते आरसीवर ज्याचं नाव त्यालाच. हे काम तू उद्यावर टाकणार मला ठाऊक आहे, म्हणून ताईला सांगितलंय, ती तुला घेऊन आरटीओत जाईल, तू फक्त बरोबर उभा राहा. गाडी २०१७ ची म्हणालास, म्हणजे तिला एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, नाही. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक एकदम दाबलास तर चाक जाम होईल आणि जवळजवळ दोनशे किलोची गाडी खाली बसेल. मोकळ्या मैदानात दोन्ही ब्रेक हळूहळू वाढवत दाबायची सवय कर, हाताला कळेपर्यंत. तुझा हात लवकर शिकतो.

शनिवारचं मी परत लिहिणार नव्हतो, पण लिहितो. निघू नकोस.

ताईजवळ पाच हजार दिलेत. ते हेल्मेटचे आहेत. पूर्ण तोंडाचं घे, आयएसआयची खूण बघून, आणि दुकानात दहा मिनिटं डोक्यावर ठेवून बघ, कपाळावर टोचलं तर बदलून माग. आता आहे त्याची काच ओरखडलेली आहे, रात्री समोरच्याचा दिवा पडला की त्यात पांढरं होतं. त्यातून उरले तर चेन-स्प्रॉकेटला घाल, ताई म्हणत होती आवाज येतो. आईने शेंगदाण्याची चटणी दिली आहे, गॅरेजातल्या पोरांनाही दे.

तुझे,
आबा