मराठवाड्याचं कपाट : सभासदांसाठी सूचना

वाचनालयाच्या सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजल्यापासून मराठवाड्यातल्या लेखकांची अलीकडची पुस्तकं घरी न्यायला मिळतील. वेगळं कपाट लावलं आहे, दारातून आत आलं की डावीकडे.

आधी 'उसवण' वाचा, असा माझा आग्रह आहे. तुळजापूरचे देविदास सौदागर स्वतः शिलाईकाम करत आले आहेत, आणि ही कादंबरी रेडीमेड कपड्यांमुळे काम आटत चाललेल्या शिंप्याची आहे. मशीन, कात्री, गिऱ्हाइकाची वाट पाहणं, थकलेली उधारी हे सगळं आतून माहीत असलेल्या माणसाने लिहिलंय. २०२४चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार तिला मिळाला. प्रत एकच आहे, म्हणून कृपया आठ दिवसांत परत करा. पुढचा वाचक थांबलेला असतो.

सोबत आसाराम लोमटे यांच्या कथांचा 'आलोक' (साहित्य अकादमी पुरस्कार, २०१६) आणि श्रीकांत देशमुख यांच्या कविता 'बोलावे ते आम्ही' (साहित्य अकादमी पुरस्कार, २०१७) आहेत. ही दोन तशी जुनी, पण आपल्याकडे आत्ताच आली. ती पंधरा दिवस ठेवता येतील.

परभणी, बीड, लातूरकडच्या सभासदांनी आपल्या गावाकडची नवी पुस्तकं जरूर सुचवावीत. नोंदवही टेबलावर आहे.