मेझकालला धुंगार नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मेझकाल या मेक्सिकोतील कडक मद्याचे धुरकट, तिखट कॉकटेल घरी करण्याची कृती आली, याचे मी स्वागत करते. मात्र ग्लासाला पेटत्या कोळशाचा धुंगार द्यावा, या सूचनेला माझा स्पष्ट आक्षेप आहे. वरणाला किंवा भरिताला धुंगार देणे निराळे आणि कडक मद्याजवळ निखारा नेणे निराळे. ४० टक्के अल्कोहोल असलेल्या मद्याची वाफ साधारण २६ अंश सेल्सिअसलाच पेट घेऊ शकते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपुढे जात असताना, उघडी बाटली शेजारी ठेवून असा प्रयोग कोणीही करू नये.

मुळात त्या धुराची गरजच नाही. मेझकाल करताना मेक्सिकोतील वाहाका व इतर काही राज्यांत घायपाताच्या कुळातील झाडांची पाने छाटून उरलेला गड्डा जमिनीतील खड्ड्यात, लाकडांच्या आगीने तापलेल्या दगडांवर रचतात आणि वरून मातीने झाकून काही दिवस भाजतात. धुराचा वास त्याच वेळी गड्ड्यात मुरतो आणि पुढे आंबवून, गाळून झाल्यावरही मद्यात टिकून राहतो. आगटीतल्या हुरड्याला गोवऱ्यांचा वास वेगळा द्यावा लागत नाही, तसेच हे आहे. टकीला या तिथल्याच दुसऱ्या मद्यासाठी निळ्या घायपाताचे गड्डे बहुधा वाफेवर शिजवले जातात, म्हणून तिला हा वास नसतो. ज्यांना मेझकालचा धूर उग्र वाटेल, त्यांनी अर्धे प्रमाण टकीलाचे घ्यावे.

तिखटपणासाठी चमचाभर लाल तिखट घालण्याची सूचनाही मला पटत नाही. तिखट विरघळत नाही, तळाशी बसते आणि शेवटचा घोट घशाला झोंबतो. मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ उतरत नाही, मद्यात मात्र चटकन उतरते. त्यामुळे बाटलीत रात्रभर मिरची टाकून ठेवणे म्हणजे ती बाटली वाया घालवणे. त्यापेक्षा ताज्या हिरव्या मिरचीच्या दोन चकत्या, आतल्या पांढऱ्या शिरा काढून (खरा जाळ बियांपेक्षा त्या शिरांतच असतो), २५ मिली लिंबाच्या रसात हलक्या हाताने ठेचाव्यात, त्यात ५० मिली मेझकाल आणि २० मिली गुळाचा पातळ पाक घालावा, भरपूर बर्फ टाकून झाकणाच्या भांड्यात दहा-पंधरा सेकंद जोरात हलवावे आणि बारीक गाळणीतून गाळून घ्यावे. तिखट हवेच असेल, तर ते मिठात मिसळून ग्लासाच्या अर्ध्याच काठाला लावावे, म्हणजे पिणाऱ्याला दुसरी बाजू मोकळी राहते. सोबत आपली शेंगाचटणी आणि कडक भाकरी असावी. रिकाम्या पोटी हे पेय घेऊ नये.

आपल्याकडे शेताच्या बांधावर असलेले घायपातही याच कुळातले आहे. तरीही परवान्याशिवाय घरी मद्य गाळणे हा गुन्हा आहे, हे उत्साही वाचकांना सांगितलेले बरे.

पुढील अंकात आपण धुंगाराची सूचना मागे घ्यावी, घटकांचे प्रमाण मिलीलिटरमध्ये छापावे आणि महाराष्ट्रात असे कडक मद्य घेण्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असणे व परवाना असणे आवश्यक आहे, ही माहिती कृतीसोबतच ठळकपणे द्यावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, सोलापूर