बी उगवलं नाही म्हणजे ते खराब होतं असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत रानझाडांच्या बिया गोळा करून रोपं तयार करायचं आवाहन आलं, वाचून मनापासून आनंद झाला, पण त्यात सगळ्या बियांना एकच कृती दिलीय, वाळवा, डब्यात भरा, पावसाच्या तोंडावर पेरा. बहाव्याला हे चालेल, जांभळाला अजिबात नाही. जांभळाचं बी पार वाळलं की मरतं, साल या झाडाचं तर गळल्यावर आठवड्या-दीड आठवड्यात संपतं. अशा बिया गर धुवून लगेच ओल्या मातीत गेल्या पाहिजेत. नाहीतर लोक मेलेलं बी पेरतात, काही उगवत नाही, आणि परत कधी त्या वाटेला जात नाहीत.

बहाव्याचं बरोबर उलटं. कवच इतकं घट्ट की पाणी आत शिरतच नाही, बी जिवंत असतं पण ओल्या मातीतही तसंच पडून राहतं. पॉलिश पेपरवर एका बाजूने थोडं घासून रात्रभर भिजवलं की फुगतं, फुगलेलं पेरायचं, न फुगलेलं परत घासायचं. सागाच्या फळांना भिजवणं आणि उन्हात वाळवणं आलटून पालटून बरेच दिवस करावं लागतं.

उजेडाचं तर कुणी बोलतच नाही! वड, पिंपळ, उंबर यांचं बी राईपेक्षाही बारीक, ते खोल गाडलं की गेलं, मातीवर नुसतं भुरभुरायचं आणि ओल टिकवायची. मोठ्या बियांना जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोली पुरते. आणि उजेड म्हणजे कुठलाही उजेड नाही, झाडांची पानं लाल प्रकाश शोषून घेतात, खाली त्याच्या पलीकडचा अतिलाल जास्त पोचतो, आणि उजेड लागणाऱ्या बऱ्याच बारीक बिया तेवढ्यावरून वर सावली आहे हे ओळखून थांबून राहतात. लाल प्रकाशाने बी उगवतं आणि अतिलालने थांबतं हे १९५२ सालीच लेट्यूसच्या बियांवर दाखवून झालंय.

आता रोपांचं, आणि इथे मला जास्त कळकळीने लिहावंसं वाटतं. दाट शेडनेट, रोज भरपूर पाणी, वर युरिया, की रोप भराभर उंच होतं, फोटोत छान दिसतं, घेणाराही उंचच मागतो. पण ते उजेडासाठी ताणलेलं असतं, खोड बारीक, मुळं कमी, उघड्यावर लावलं की पानं करपतात. सतत ओल्या मातीत बुरशी लागून कोवळी रोपं बुंध्याशी कुजून आडवी होतात ती वेगळीच. उंची बघू नका, बुंध्याची जाडी बघा, पिशवी काढून मुळं बघा. जास्त दिवस पिशवीत राहिलेल्या रोपाचं सोटमूळ तळाशी गोल गोल फिरलेलं असतं आणि जमिनीत गेल्यावरही ते आपोआप सरळ होत नाही. लावायच्या आधी काही आठवडे पाणी कमी करत, सावली काढत रोपाला सवय लावायला हवी, ही एक गोष्ट केली तरी कितीतरी रोपं वाचतील.

म्हणून विनंती, एका लेखात सगळी झाडं कोंबू नका, एका वेळी एकच झाड घ्या, त्याचं बी कधी पडतं, किती दिवस टिकतं, कवचाचं काय करायचं, रोपाला सावली किती, एवढं नीट छापा. मोहापासून सुरुवात केलीत तर उत्तम, त्याचंही बी फार थांबत नाही, त्यामुळे लेख फळं पडायच्या आधी आला पाहिजे.

आपला,
एक नियमित वाचक